गोणीमागे दहा रुपये



एका भगिनीने आम्हाला पत्र लिहिले आहे. "आम्ही 2010 साली गावी दोन खोल्यांचे घर बांधले. मिस्टरांच्या फंडातले पैसे काढले, माझा एक दागिना मोडला. त्याच काळात सिमेंटच्या कंपन्यांनी संगनमत केले म्हणून त्यांना सहा हजार कोटींचा दंड झाला, असे मुलाने वाचून दाखवले. मग आमचे जे जादा पैसे गेले ते आम्हाला कोण देणार?"

प्रश्न सरळ आहे, उत्तर तेवढे सरळ नाही. पण हा प्रश्न एका घराचा नाही, हजारो घरांचा आहे. म्हणून आजचे सदर आम्ही त्यालाच देत आहोत.

आधी घडले काय ते पाहू. 2010 साली बिल्डरांच्या संघटनेने भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली. चौकशी झाली. कंपन्या आपल्या संघटनेच्या व्यासपीठावर भावाची आणि उत्पादनाची माहिती एकमेकांना देतात आणि माल व भाव आवळून धरतात, असा निष्कर्ष आयोगाने काढला. 20 जून 2012 रोजी 11 कंपन्यांना सुमारे 6,300 कोटी रुपये दंड झाला. डिसेंबर 2015 मध्ये अपिलात तो आदेश रद्द झाला. कारण असे की, ज्या अध्यक्षांनी आदेशावर सही केली त्यांनी तोंडी युक्तिवाद ऐकलेच नव्हते. पुन्हा सुनावणी झाली आणि ऑगस्ट 2016 मध्ये आयोगाने पुन्हा सुमारे 6,700 कोटींचा दंड ठोठावला. जुलै 2018 मध्ये अपील न्यायाधिकरणाने तो कायम केला. कंपन्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. ऑक्टोबर 2018 मध्ये न्यायालयाने अपील दाखल करून घेतले आणि तोवर दंडाच्या 10 टक्के रक्कम भरण्यास सांगितले.

आता मुद्द्याची गोष्ट. दंड वसूल झाला तरी तो जातो कुठे? कायद्यानेच सांगितले आहे की तो भारताच्या संचित निधीत, म्हणजे सरकारी तिजोरीत जमा होतो. ज्याने गोणीमागे जादा पैसे मोजले त्याच्या हाती त्यातला एक पैसाही येत नाही. दंड ही गुन्हेगाराला शिक्षा आहे, लुबाडलेल्याला भरपाई नव्हे. ही दोन वेगळी कामे आहेत आणि भरपाईचे काम लुबाडलेल्यालाच करावे लागते.

त्यासाठी कायद्यात दार ठेवले आहे. स्पर्धा कायदा, 2002 याचे कलम 53-एन. आयोगाने किंवा अपील न्यायाधिकरणाने गैरव्यवहार झाल्याचे ठरवले की त्या आधारे सरकार, ग्रामपंचायत-नगरपालिकेसारखी स्थानिक संस्था, एखादा उद्योग किंवा कोणतीही व्यक्ती नुकसानभरपाई मागू शकते. अर्ज दिल्लीच्या राष्ट्रीय कंपनी कायदा अपील न्यायाधिकरणाकडे करावा लागतो. पुष्कळ लोकांचे सारखेच नुकसान झाले असेल तर त्यांच्यापैकी एक-दोघे परवानगी घेऊन सर्वांच्या वतीने अर्ज करू शकतात.

मग अडचण कोठे आहे? हिशेब करून पाहा. समजा, संगनमतामुळे गोणीमागे दहा रुपये जादा गेले. दोन खोल्यांना दोनशे गोण्या लागल्या, तर नुकसान दोन हजारांचे. बिगारी काम करणाऱ्या माणसाची ती तेव्हाची आठ-दहा दिवसांची मजुरी. त्याला ती जड, पण वकिलाला तेवढ्यासाठी दिल्लीला कोण पाठवणार? शिवाय भाव किती वाढला आणि संगनमत नसते तर तो किती असता, हे सिद्ध करायला हिशेबतज्ज्ञ लागतात. लूट कोटींची असते. पण ती घराघरांत इतकी बारीक वाटली जाते की कोणीच उठत नाही. लुटणाऱ्याचा सारा भरवसा त्यावरच असतो.

हे फक्त आपल्याकडेच होते असे नाही. इंग्लंडमधले उदाहरण सांगतो. तेथे फुटबॉल संघाच्या पोशाखासारखे शर्ट मुले हट्टाने मागतात आणि कामगार आईबाप पोटाला चिमटा घेऊन ते घेतात. 2000 आणि 2001 साली अशा शर्टांचे भाव दुकानदारांनी आणि उत्पादकांनी मिळून बांधले होते. 2003 साली त्यांना दंड झाला. पुढे 2007 साली 'विच' या ग्राहक संघटनेने जेजेबी स्पोर्ट्स या दुकानसाखळीवर ग्राहकांतर्फे भरपाईचा दावा लावला. पण त्या वेळच्या कायद्याप्रमाणे ज्याला भरपाई हवी त्याने स्वतः नाव नोंदवायचे होते. लाखो शर्ट विकले गेले होते, नाव नोंदवणारे हजारही भरले नाहीत. जानेवारी 2008 मध्ये तडजोड झाली. नाव नोंदवलेल्यांना प्रत्येकी 20 पौंड मिळाले. बाकीच्यांपैकी जो शर्ट किंवा खरेदीचा पुरावा घेऊन दुकानात येईल त्याला 10 पौंड.

त्यावरून तो देश एक गोष्ट शिकला. 2015 साली कायदा बदलला. आता तेथे एक प्रतिनिधी सर्व ग्राहकांच्या वतीने दावा लावू शकतो. ज्याला नको असेल त्यानेच बाहेर पडायचे. त्या कायद्याखाली मास्टरकार्डविरुद्ध सुमारे 4 कोटी 60 लाख लोकांच्या वतीने 2016 साली दावा लागला. मागणी होती 1,400 कोटी पौंडांची. 2025 मध्ये तडजोड मंजूर झाली ती 20 कोटी पौंडांवर. म्हणजे कायदा चांगला असला तरी पदरात पडते ते थोडे, हेही वाचकांनी ध्यानात ठेवावे. आम्हाला कोणाला खोटी आशा दाखवायची नाही.

अमेरिकेत हा हक्क फार जुना आहे. 1890 च्या शर्मन कायद्यापासून तेथे नुकसानीच्या तिप्पट भरपाई मागता येते. 1914 च्या क्लेटन कायद्याने तो हक्क आणखी पक्का केला. त्या वर्षी बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकत होते. पण तेथेही एक मेख आहे. बांधकामाच्या ठोकळ्यांचे भाव संगनमताने चढवले म्हणून इलिनॉय राज्याने दावा लावला होता. 1977 साली तेथील सर्वोच्च न्यायालय म्हणाले, ज्याने कंपनीकडून थेट माल घेतला त्यालाच भरपाई मागता येईल. मधल्या ठेकेदारांमार्फत घेणाऱ्याला नाही. मग कित्येक राज्यांना आपले वेगळे कायदे करावे लागले. आपणही सिमेंट कंपनीकडून घेत नाही, कोपऱ्यावरच्या दुकानातून घेतो. आपल्या कायद्यात 'कोणतीही व्यक्ती' असे शब्द आहेत, ही जमेची बाजू. पण वाढलेला भाव दुकानातून आपल्यापर्यंत पोचला हे दाखवावे लागणारच, आणि ते दाखवणार कशाने? बिलाने.

म्हणून त्या भगिनीला आमचे उत्तर असे : ताई, तुमचा हक्क खरा आहे. पण दंडाच्या रकमेतून तुम्हाला काही मिळणार नाही. दोषाचा निर्णय शेवटपर्यंत टिकल्याशिवाय भरपाईचा दावा पुढे सरकणे कठीण, आणि एकट्या दुकट्याने तो लढवणे तर जवळजवळ अशक्य. तुमच्याकडे 2010 ची बिले असतील तर ती फेकू नका. नसतील तर झाल्या गोष्टीचे दुःख करत बसू नका, पुढचे पाहा.

पुढचे म्हणजे काय? पहिले, घर असो की विहार, सिमेंट, सळई, विटा यांचे पक्के बिल मागून घ्या. 'बिल घेतले तर भाव जास्त' या बोलण्याला फसू नका. बिले एका फाईलीत ठेवा आणि ती फाईल घरच्या शिकलेल्या मुलीच्या ताब्यात द्या. दुसरे, गावातल्या सगळ्या दुकानांत एकाच दिवशी एकसारखा भाव चढला तर तारीख आणि भाव वहीत टिपून ठेवा. नुसता सारखा भाव म्हणजे संगनमत नव्हे. पण पुरावा जमतो तो अशाच नोंदींतून. तिसरे, स्पर्धा आयोगाकडे तक्रार कोणीही करू शकतो, मात्र 2023 च्या दुरुस्तीनंतर ती तीन वर्षांच्या आत करावी लागते. चौथे, एखाद्या दुकानदाराने वजनात, मालात फसवले तर दिल्ली गाठायची गरज नाही. जिल्हा ग्राहक आयोगाकडे जा. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तेथे शुल्क नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचे, हे काम विहार कमिटीने, महिला मंडळाने हाती घ्यावे. एका वस्तीत पन्नास घरांची बिले एका ठिकाणी जमली की पन्नास किरकोळ तक्रारींची एक भक्कम तक्रार होते. एखाद्या ग्राहक संघटनेला किंवा तरुण वकिलाला मग तिच्याकडे पाठ फिरवता येत नाही.

आपण पंचशील ग्रहण करताना दुसरे शील म्हणतो ते न दिलेले न घेण्याचे. बंद खोलीत बसून भाव बांधणारा माणूस आपल्या खिशात हात घालत नाही, पण आपण न दिलेलेच तो नेतो. त्याला चोरी म्हणायला आपण शिकले पाहिजे. कंपन्यांना संघटित होण्याचे महत्त्व कळले, त्यांनी त्याचा वापर लुटीसाठी केला. बाबासाहेबांनी आपल्याला संघटित व्हायला सांगितले ते हक्कासाठी. त्यांची संघटना पक्की आणि आपली फक्त जयंतीपुरती, असे किती दिवस चालायचे?

तेव्हा येत्या पौर्णिमेला वंदना झाल्यावर दहा मिनिटे या विषयाला द्या. प्रत्येकाने घरातले एक बिल सोबत आणा. सुरुवात तेवढ्यानेही होईल.

जयभीम.