गणित चांगलं आहे ना? मग चित्र बंद!

पनवेलकरांनो, दहावीचा निकाल लागला की शहरभर क्लासवाल्यांचे फ्लेक्स. फोटो, टक्के, जेईई, नीट. ज्या पोराचं गणित चांगलं, त्याची चित्रकलेची वही त्याच आठवड्यात माळ्यावर. इंटरमिजिएटला बसवलं होतं ते दहावीच्या वाढीव गुणांसाठी. गुण पदरात पडले, काम झालं!

आता जरा आपल्या विमानतळाकडे बघा. सेल्फी तर सगळ्यांनीच काढलेत. ते कमळासारखं टर्मिनल झाहा हदीद आर्किटेक्ट्सचं डिझाइन. ही कंपनी उभी करणाऱ्या झाहाबाई आधी बैरूतमध्ये गणित शिकल्या, मग लंडनला जाऊन आर्किटेक्चर. २००४ साली प्रित्झकर पारितोषिक मिळवणारी पहिली स्त्री. गणित सोडून नाही, गणित घेऊन गेल्या त्या तिकडे.

आणि ‘आयआयटी, आयआयटी’ असा जप करणाऱ्या पालकांनो, पवईच्या त्याच आयआयटीत १९६९ पासून डिझाइनचं केंद्र आहे. तिथल्या बी. डेस.साठीची ‘यूसीड’ परीक्षा बारावीच्या कुठल्याही शाखेतून देता येते. तर्क लागतो, चित्रही काढावं लागतं. म्हणजे दोन्ही येणाऱ्या पोरांसाठीच की! लाखाच्या घरात फी घेणारा क्लासवाला हे सांगतो का? कशाला सांगेल, बॅच रिकामी होईल ना.

शाळांनीही करिअर मार्गदर्शनाच्या नावाखाली क्लासवाल्यांना हॉल देणं थांबवावं. एखादा आर्किटेक्ट, अ‍ॅनिमेशनवाला, फॉण्ट बनवणारा बोलवा. मानधन परवडत नसेल तर चहा पाजा, येतील. जूनमध्ये जी शाळा हे करेल तिने कळवा, बातमी मी करतो.