११३ किलोमीटर आणि आमची विहीर

रात्रीचे पावणेबारा. लॅपटॉपवर दोन पानं उघडी. एकावर डेडलाइन उलटून गेलेला लेख, दुसऱ्यावर परदेशातल्या एका बेटावरच्या ट्रायथलॉनचा फॉर्म. निळंशार पाणी, नारळाची झाडं, फिनिश लाइनवर हात उंचावलेली, घामेजलेली, खूश माणसं... नाव भरून झालं, रक्तगट झाला, टी-शर्टची साइझ झाली. मग पुढचा रकाना आला : अडचणीच्या प्रसंगी कुणाला कळवायचं?

बोटांनी सवयीनं अण्णांचा नंबर टाइप केला. आणि मग ट्यूब पेटली. बीड तालुक्यातल्या आमच्या गावात गाढ झोपलेल्या या माणसाला आपली लेक पोहते, हेच मुळात माहीत नाही!

फॉर्म बंद केला. लेखही राहिलाच. (संपादक, सॉरी!)

तर मंडळी, आजचा विषय : आयुष्यातली पहिली लाँग डिस्टन्स ट्रायथलॉन कोणती निवडायची? ज्यांच्या डोक्यात हा किडा अजून वळवळला नाहीये त्यांच्यासाठी थोडक्यात. ट्रायथलॉन म्हणजे आधी पोहायचं, मग सायकल, मग पळायचं. एकापाठोपाठ एक, मध्ये चहा-बिडी नाही. ऑलिम्पिकमध्ये हा खेळ २००० साली सिडनीला आला. तिथलं अंतर दीड, चाळीस आणि दहा किलोमीटर. लाँग डिस्टन्स त्याच्याही पुढची. 'हाफ'मध्ये १.९ किलोमीटर पोहणं, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर पळणं. टोटल ११३ किलोमीटर. मैलांत मोजलं तर ७०.३, म्हणून ते आकड्यांचं नाव. 'फुल' म्हणजे बरोबर याच्या दुप्पट.

हल्ली प्रत्येक ऑफिसात असा एक जण असतोच. कँटीनमधला समोसा नाकारणारा, सोमवारी लंगडत येणारा. त्याला विचारा, पहिली रेस कोणती करू? तो डोळे मिटून सर्वात देखणी रेस सांगेल. 'एकदाच करायचीय ना, मग मस्त ठिकाणी कर!' आमच्या ग्रुपमध्ये तर मिलिंद सोमणचा दाखला कायम तयार असतो. २०१५ मध्ये त्यानं वयाच्या ४९ व्या वर्षी झुरिकची फुल आयर्नमॅन १५ तास १९ मिनिटांत पूर्ण केली. सॉलिड! पण एक गोष्ट सगळे विसरतात. सोमण मुळात जलतरणातला राष्ट्रीय विजेता. पाणी हे त्याचं घर. माझं घर बीडला. तिथं पाणी टँकरनं यायचं.

म्हणून मी आधी हिशेब मांडला. पेन, कागद, बस्स. ७०.३ रेसमध्ये साधारण असा नियम असतो : पाण्यातून १ तास १० मिनिटांत बाहेर यायचं, सायकल सुरुवातीपासून साडेपाच तासांच्या आत संपवायची आणि सगळं मिळून साडेआठ तासांत गाशा गुंडाळायचा. माझा वेग असा : शंभर मीटर पोहायला ३ मिनिटं, म्हणजे १.९ किलोमीटरला ५७ मिनिटं. सायकल ताशी २३ किलोमीटरनं, म्हणजे ३ तास ५५ मिनिटं. पळणं किलोमीटरला ८ मिनिटं, म्हणजे २ तास ४९ मिनिटं. कपडे-बूट बदलायला १४ मिनिटं. बेरीज : ७ तास ५५ मिनिटं. हातात ३५ मिनिटं शिल्लक. वा!

पण जरा नीट बघा. सायकलच्या टप्प्यावर अर्धा तास शिल्लक राहतो. पाण्यातून बाहेर यायला मात्र फक्त १३ मिनिटं. तीही टँकमधल्या स्थिर पाण्यातल्या वेगानं. समुद्राची एक लाट तोंडात गेली, दोनदा दिशा चुकली, की संपलं. थोडक्यात, माझी रेस पळण्यात जाणार नव्हती, पाण्यात जाणार होती.

आणि पाण्याशी माझं जुनं भांडण आहे.

मी सहा-सात वर्षांची असताना उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या शेतातल्या विहिरीवर पोहायची शाळा भरायची. काका पोरांच्या पाठीला वाळलेला भोपळा बांधायचे आणि द्यायचे ढकलून. भाऊ, चुलत भाऊ, शेजारचे सगळे शिकले. मी थारोळ्यावर बसून सगळ्यांचे कपडे सांभाळायचे. 'मला पण' म्हटलं, तर आजी म्हणायची, 'पोरीनं इहिरीत उतरायचं नसतंय.' विषय संपला. पुढं २०१२ चा दुष्काळ आला. विहिरीचा तळ उघडा पडला आणि पोरांची शाळाही बंद झाली. माझ्या धाकट्या चुलत भावाला आजही पोहता येत नाही. त्याच्या वाट्याला पाणीच आलं नाही.

मी शिकले सव्विसाव्या वर्षी, पुण्यात. बॅचमधले बाकीचे पाच-सहा वर्षांचे. पण शिकले. आणि घरी सांगितलं नाही. का, ते मलाही नीट सांगता येणार नाही.

२०२५ च्या दिवाळीत घरी गेले, तेव्हा विहीर तुडुंब होती. त्याचं कौतुक करावं असं मात्र वातावरण नव्हतं. सप्टेंबरात मराठवाड्यात जी अतिवृष्टी झाली, तिच्यात आमच्या जिल्ह्यातही नद्या शेतातून वाहिल्या. आमच्या सोयाबीनला शेंगेतच कोंब फुटले. ओसरीवर बसून अण्णा नुकसानीचे आकडे मांडत होते आणि माझ्या डोक्यात एंट्री फीचा आकडा फिरत होता. माझ्या महिन्याच्या घरभाड्याहून मोठा. शेवटी बोलून टाकलं.

'पैशे भरून पळायलीस?' अण्णांनी विचारलं.

'पळायचं, सायकल चालवायची आणि... पोहायचं.'

'जिंकल्यावर काय मिळतंय?'

'जिंकत नसतात अण्णा. पूर्ण करतात. मेडल मिळतं.'

'आन्?'

'टी-शर्ट.'

माझी चुलत बहीण फिस्सकन हसली. ती पोलीस भरतीची तयारी करते. रोज पहाटे पाचला रस्त्यावर, ८०० मीटरच्या मागे हात धुऊन लागलेली. आमच्याकडे पळणं हा छंद नाही, ती नोकरीची परीक्षा आहे. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे लहानपणी सहा किलोमीटरवरच्या शाळेत पायी, पळत जायचा, कारण जायला दुसरं काही नव्हतं. तो सैन्यात गेला, स्टीपलचेस पळायला लागला आणि २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ८ मिनिटं ११.२० सेकंदांत रौप्य घेऊन आला. सुवर्ण हुकलं ते फक्त पाच शतांश सेकंदांनी. अशा जिल्ह्यात 'मी पैसे भरून पळते' म्हणायला जरा हिंमतच लागते, बॉस!

अण्णा मात्र पळण्यावर थांबले नव्हते. 'पवायला कुठं शिकलीस?'

'पुण्यात. टँकमध्ये.'

'तिथं पाय टेकतेत का?'

'एका बाजूला टेकतात.'

'मग ते पवणं न्हवं,' म्हणाले आणि उठून गेले. मला वाटलं, चिडले. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर दोर घेऊन दारात उभे.

आमची विहीर सात परस खोल. (परस म्हणजे हात वर करून उभ्या राहिलेल्या माणसाएवढं माप.) कडेकडेनं एक चक्कर मारली तर साधारण तीस मीटर भरतं. म्हणजे १.९ किलोमीटरला त्रेसष्ट चकरा! अण्णांनी पाण्यात काठी फिरवून काटेकुटे, साप-बीप बघून घेतलं, माझ्या कमरेला दोर बांधला आणि दुसरं टोक धरून पायरीवर बसले. लेगिंग आणि टी-शर्ट घालून मी उतरले. पाणी गढूळ हिरवं. हात पुढं टाकला की हातच दिसेना.

टँकमध्ये दोन किलोमीटर आरामात करणारी मी अकराव्या चकरेला पायरी धरून बसले. तीनशे तीस मीटर फक्त! छाती धाडधाड उडत होती.

'दम न्हाई लागला तुला,' अण्णा म्हणाले. 'तळ दिसंना म्हणून भ्यालीस.'

एका वाक्यात निकाल. पुण्यात महागडं घड्याळ मनगटावर बांधून मला जे कळलं नव्हतं, ते त्यांना पायरीवरून दिसलं. दिवाळीचे चार दिवस आम्ही रोज विहिरीवर गेलो. भाऊबीजेला तीस चकरा झाल्या. आजी हयात असती तर काय म्हणाली असती, देव जाणे. आईनं मात्र खाली येऊन एकदा बघितलं आणि 'केस नीट पूस' एवढंच म्हणाली.

पुण्याला परतले आणि फॉर्मचं पान पुन्हा उघडलं. आता प्रश्न वेगळा होता. 'कोणती रेस सगळ्यात भारी?' असा नाही, तर 'मला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते आणि ती कोणत्या रेसमध्ये सोसवेल?' असा. माझ्या मते पहिल्या रेसचा फंडा हाच. तो चार भागांत :

पाणी आधी बघा. तलाव, नदी की समुद्र? तलावात लाटा नसतात. समुद्रात लाटा, ओढ आणि तोंडात खारं पाणी. युरोपातल्या थंड पाण्यात वेटसूट घालतात, त्यानं अंग तरंगायला मदत होते. आपल्याकडच्या कोमट पाण्यात तो आधार बहुतेक नसतोच.

मग हवा आणि चढ. गोव्यात २०१९ मध्ये मिरामारला पहिली आयर्नमॅन ७०.३ झाली. तिथली दमट हवा आणि आमच्या बालाघाटातलं कोरडं ऊन यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. मांजरसुंब्याचा घाट चढलेल्याला चढाची भीती नाही, पण दमट हवेत घाम वाळतच नाही, त्याची सवय वेगळी करावी लागते.

तिसरं, घरापासूनचं अंतर. सायकल खोलून खोक्यात भरून विमानात टाकायची, उतरल्यावर पुन्हा जोडायची आणि ब्रेक लागतोय ना याची धाकधूक. पहिल्याच वेळी हे कशाला? पुण्याहून कोल्हापूर अडीचशे किलोमीटरच्या आत आहे, मित्राच्या गाडीवर सायकल बांधली की झालं.

आणि चौथं, बघायला कोण येणार? सातव्या तासाला कुणीतरी तुमच्या नावानं ओरडणारं हवं. ते मेडलपेक्षा उपयोगाचं असतं.

हे काही मी शोधून काढलेलं शहाणपण नाही. १९७८ मध्ये हवाईच्या ओआहू बेटावर पहिली आयर्नमॅन झाली, तेव्हा जॉन कॉलिन्स या नौदल अधिकाऱ्यानं बेटावर आधीपासूनच असलेल्या तीन गोष्टी जोडल्या : तिथली पोहण्याची शर्यत, बेटाभोवतीची सायकल राइड आणि होनोलुलूची मॅरेथॉन. १५ जणांनी सुरुवात केली, १२ जणांनी पूर्ण केली. म्हणजे जगातल्या पहिल्या आयर्नमॅन मंडळींनीही ओळखीचं पाणी आणि ओळखीचे रस्तेच निवडले होते की!

तर निर्णय झालाय. पहिली रेस कोल्हापूर. तिथं गेल्या काही वर्षांत याच अंतराच्या स्पर्धा भरत आल्या आहेत आणि पोहणं राजाराम तलावात असतं. लाटा नाहीत, तळ मात्र दिसणार नाही. म्हणजे माझी नेमकी एकच भीती पाण्यात असेल, चार नाहीत. गोव्याचा समुद्र त्यानंतर. परदेशातलं बेट, खात्यात पैसे असतील तेव्हा. नसतील तर घरची विहीर आहेच.

एक सांगायचं राहिलं. हे वाचून कुणी वीकेंडला बिंदुसरा नाहीतर माजलगावच्या धरणात उडी मारायला जाऊ नका, प्लीज. उघड्या पाण्यात एकट्यानं उतरायचं नाही. काठावर पोहता येणारं माणूस आणि हातात दोर, हे घड्याळाच्या आधी.

तारीख ठरली की फॉर्म भरणार आहे. अडचणीच्या प्रसंगी कुणाला कळवायचं, त्या रकान्यात अण्णांचाच नंबर. परवा फोनवर त्यांना तसं सांगितलं. थोडा वेळ शांतता.

'कोल्हापूरच्या तळ्याला कड हाय का बसायला?'

'आहे की.'

'मग येतो मी. दोर आणू का?'

म्हटलं, अण्णा, दोर चालत नाही तिथं. तुम्ही नुसते या.