घर बँकेनं घेतलं, आता दाद मागायची कुठं?

पेपरात ‘ताबा सूचना’ येते. कर्जदाराचं नाव, प्लॉट नंबर, चतुःसीमा. अख्खं गाव वाचते, पण ज्याचं घर आहे तो दाराला कुलूप लागेपर्यंत थांबतो. इथंच हुकते.

2002 च्या सरफेसी कायद्यात बँक आधी 60 दिवसांची नोटीस देते. त्यावर लेखी हरकत घेतली तर 15 दिवसांत उत्तर देणं बँकेवर बंधनकारक आहे. पण सोयाबीन विकून भरू, या भरवशावर ते 60 दिवस निघून जातात. मग भिंतीवर कागद चिकटते, ‘सांकेतिक ताबा’. घरात आपणच राहतो म्हणून माणूस निवांत. कायद्याच्या नजरेत मात्र ताबा घेतला गेला. त्याविरुद्ध 45 दिवसांत अर्ज करता येतो, हे सर्वोच्च न्यायालयानं 2018 मध्येच स्पष्ट केलं आहे.

अर्ज करायचा कुठं? तालुक्याच्या दिवाणी कोर्टात जाऊन उपयोग नाही, कलम 34 नं ते दार बंद केलं. बँकेनं उघड फसवणूक केली असेल तरच तिथं दावा चालतो. कलेक्टर साहेबांना निवेदन देणाऱ्यांचं तर नवल वाटते, कारण बँकेला ताबा मिळवून द्यायचं काम याच कायद्यानं त्यांच्याकडं दिलं आहे. जावं लागते नागपूरच्या कर्ज वसुली न्यायाधिकरणात. अकोल्याहून अडीचशे किलोमीटर, वकिलाची फी वेगळी. आधी 75 टक्के रक्कम भरा, ही अट मात्र 2004 मध्ये मार्डिया केमिकल्स प्रकरणात रद्द झाली. कारवाई बेकायदा ठरली तर घर परत मिळते, नुकसानभरपाईही मागता येते.

काही जण नादारी हा उपाय समजतात. 1920 च्या कायद्याखाली न्यायालयानं नादार ठरवलं की मालमत्ता न्यायालयाकडं किंवा रिसीव्हरकडं जाते. मग तिच्यासाठी भांडायचा हक्कही आपल्या हाती राहत नाही, अन् तारण घरावरचा बँकेचा हक्क तसाच कायम.

शेतजमिनीला सरफेसी लागू नाही. पण जमीन खरोखर वाहितीत आहे हे आपल्याला दाखवावं लागते, नुसता सातबारा पुरत नाही. सहकारी बँकाही 2020 च्या निकालानं या कायद्यात आल्या. पतसंस्थेची वसुली वेगळी, ती सहकार कायद्याच्या कलम 101 च्या दाखल्यावर चालते.

आणि लिलावाची नोटीस छापून आली की पूर्ण थकबाकी भरून घर सोडवायचा हक्कही संपतो, असं 2023 च्या बाफना मोटर्स निकालात म्हटलं आहे. म्हणून नोटीस हाती पडल्याची तारीख पाकिटावरच लिहून ठेवा, अन् पाकीट फेकू नका.