बायकोचा झगा, नवऱ्याची कारकीर्द

नवरा राष्ट्राध्यक्ष झाला की बायकोचा झगा राष्ट्रीय ठेवा! वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात हे कौतुक 1912 पासून चालू आहे. हेलन टॅफ्ट यांनी 1909 च्या शपथविधी सोहळ्यातला आपला पांढरा झगा देऊन टाकला आणि रिवाजच पडला. मिशेल ओबामांनी दिला, मेलानिया ट्रम्प यांनीही दिला. एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे दोन्ही पक्ष झग्यापाशी मात्र एक.

सुरुवातीला हे झगे प्लास्टरच्या पुतळ्यांना घातले होते. त्या सगळ्या पुतळ्यांचा चेहरा एकच! शेक्सपिअरच्या कॉर्डेलियाच्या शिल्पावरून घेतलेला. केशरचना तेवढी ज्या त्या बाईची. मला विचाराल तर त्या संग्रहालयाने इतका प्रामाणिकपणा पुन्हा कधी दाखवला नाही.

1992 मध्ये मांडणी बदलली, बायकांच्या राजकीय कामाची माहिती आली, हे मान्य. पण मखमल आणि मणी समोर असताना फलक वाचतंय कोण?

लिंकनची उंच हॅट याच संग्रहालयाकडे आहे, त्याला गोळी लागली त्या रात्रीची. ती बघताना कुणी कापडाची चौकशी करत नाही. त्याच्या बायकोचा, मेरीचा, जांभळा मखमली झगा मात्र कापडासाठीच बघायचा. तो एलिझाबेथ केकलीने शिवला असं मानतात. ही जन्माने गुलाम. 1855 मध्ये 1200 डॉलर मोजून तिने स्वतःला आणि मुलाला सोडवलं. पुढे 1867 मध्ये कर्जात बुडालेली विधवा मेरी आपले जुने कपडे विकायला न्यूयॉर्कला गेली, तेव्हा मदतीला हीच केकली होती. वर्तमानपत्रांनी मेरीची छी-थू केली. कपडे बघायला लोक आले. विकत घेतलं फारसं कुणीच नाही. फुकट बघायची हौस तेव्हाचीच म्हणायची!

राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या पत्नी एलिनॉर यांनी 1933 पासून फक्त महिला पत्रकारांसाठी पत्रकार परिषदा घेतल्या, म्हणून वर्तमानपत्रांना झक मारत बायकांना नोकरीवर ठेवावं लागलं. पण असलं कर्तृत्व पुतळ्याच्या अंगावर चढवता येत नाही ना!

हिलरी क्लिंटन सिनेटर झाल्या, परराष्ट्रमंत्री झाल्या, 2016 मध्ये खुद्द राष्ट्राध्यक्षपदासाठी लढल्या. झग्यांच्या या संग्रहात त्यांचाही मणी जडवलेल्या लेसचा झगा आहे. 1993 चा, नवऱ्याच्या शपथविधीचा.