ॲपने पालक शाळेशी जोडले जात नाहीत

अमेरिकेत लॅटिनो स्थलांतरितांच्या मुलांचा विषय निघाला की चर्चा भाषांतरावर येऊन थांबते. शाळेच्या सूचना स्पॅनिशमध्ये पाठवा, पालकांना ॲप द्या, झाले काम! मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, ॲप बनवणे हा माझा धंदाच. तरीही माझे स्पष्ट मत आहे की, हा प्रश्न ॲपने सुटणारा नाही.

सूचना वाचता येणे वेगळे आणि शाळेचा कारभार कळणे वेगळे. कॉलेजात जायचे तर नववीपासून कोणते विषय घ्यावे लागतात, हे दिवसभर शेतात राबणाऱ्या बापाला कोण सांगणार? मग मूलच दुभाषी होते आणि स्वतःच्या प्रगतिपुस्तकाचा अर्थ आईबापांना सांगू लागते.

यावर उपाय करणारे कार्यक्रम जुने आहेत. टेक्सासमध्ये सॅन अँटोनिओला १९७३ साली ‘अव्हान्से’ सुरू झाला. तिथे आया मुलांची वाढ समजून घेतात, खेळणी हाताने बनवतात. सॅन दिएगोत १९८७ मध्ये पालकांसाठी नऊ आठवड्यांचे वर्ग सुरू झाले. शिकागोच्या लोगन स्क्वेअर वस्तीत १९९५ पासून आया शाळेच्या वर्गात शिक्षकांना मदत करतात, त्याचे मानधन घेतात. त्यांतल्या काही पुढे शिक्षिका झाल्या.

‘त्यांनी आधी इंग्रजी शिकावे’ असे म्हणणारे भेटतात. शिकावेच. पण आईचे इंग्रजी पक्के होईपर्यंत मुलगा तिसरीत थांबून राहत नाही.

आज तर हे काम अधिक निकडीचे आहे. कागदपत्रे नसली तरी मुलांना सरकारी शाळेचे दार बंद करता येणार नाही, असा निकाल अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये ‘प्लायलर विरुद्ध डो’ खटल्यात दिला. परंतु शाळांसारख्या जागी इमिग्रेशनची कारवाई शक्यतो टाळण्याचे धोरण जानेवारी २०२५ मध्ये सरकारने मागे घेतले. मुलाचा हक्क कायम आहे. पण पालकसभेला जायचे की नाही, याचा विचार आईला करावा लागतो. अशा वेळी तिला फोन येतो तो शेजारच्या, ओळखीच्या बाईचा, आणि त्यावर ती विश्वास ठेवते.

म्हणून शाळांनी आणि देणगीदारांनी नव्या ॲपवर पैसे घालण्याआधी या बायकांचे मानधन चालू ठेवावे. वर्ग संध्याकाळी, वस्तीत घ्यावेत आणि तेवढा वेळ लहान मुले सांभाळण्याची सोय करावी. ॲप त्यानंतर बनवू.