तपासणीपत्रकातील मनाचा रकाना

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यात, पालघर येथे झाला. त्याच्या फिरत्या पथकात एक पुरुष व एक स्त्री असे दोन आयुष वैद्यकीय अधिकारी असतात. म्हणजे बहुधा आपलेच व्यवसायबंधू-भगिनी. तपासावयाच्या विकारांत दात, डोळे, पांडुता यांबरोबर अध्ययन-अक्षमता, अतिचंचलता व स्वमग्नताही आहेत. तथापि पथक शाळेत वर्षातून एकदा येते आणि मुले रांगेने पुढे सरकतात. रांगेत दात दाखवता येतात, भीती दाखवता येत नाही.

आमची चूक प्रांजळपणे सांगतो. नातेपुते येथील आमच्या चिकित्सालयात सहावीतला एक मुलगा पोटदुखीसाठी येई. आम्ही हिंग्वष्टक दिले, मग कृमिघ्न दिले. दिवाळीच्या सुटीत पोट बरे झाले, शाळा उघडताच पुन्हा दुखू लागले. तरीही आमच्या ध्यानात येईना! अखेर वडिलांना बाहेर बसवून त्याला औषधाच्या बाटलीवरील चिठ्ठी वाचावयास दिली. त्याला दोन शब्द सलग वाचता आले नाहीत. वर्गात वाचावयास उभे केले जाईल, ही त्याची धास्ती होती. दशविध परीक्षेतील सत्त्वपरीक्षा आम्ही विद्यार्थिदशेत मुखोद्गत केली होती; रुग्णासमोर ती आठवली नाही.

म्हणून आमचे मत असे की, पथक येण्यापूर्वी वर्गशिक्षकांनी पंधरा दिवस निरीक्षण करून टिपणे ठेवावीत : कोण खेळेनासा झाला, कोण एकटाच डबा खातो, कोण ठरावीक तासाला आजारी पडतो. अशा मुलांशी स्वतंत्रपणे बोलावे, मुलींशी स्त्री-वैद्यांनी. नोंद वर्गात वाचली जाऊ नये. गावात एकदा लागलेले नाव लग्नापर्यंत पुसत नाही. आणि पुढे मुलाला कोठे पाठवावयाचे, हे आधी ठरवावे. येथून सोलापूर शंभराहून अधिक किलोमीटर. पालकाचा दिवसाचा रोजगार बुडतो. टेली-मानसची १४४१६ ही विनामूल्य सेवा ऑक्टोबर २०२२ पासून आहे, परंतु पहिला दूरध्वनी कोणीतरी शेजारी बसून लावून द्यावा लागतो. ते काम आपण करू शकतो.

औषधविक्रेत्या बंधूंनाही एक विनंती. परीक्षा जवळ आल्या की ब्राह्मी व सारस्वतारिष्ट यांना मागणी वाढते. आमचाही त्यात लाभ आहे, हे नाकारीत नाही. परंतु न वाचता येणाऱ्या मुलाला बाटली देऊन वाचता येत नाही. बाटली देण्यापूर्वी ‘मुलाला नेमके काय होते?’ एवढे विचारावे, आणि उत्तर ऐकून प्रसंगी विक्री टाळावी.

यंदा पथक गावी येईल, तेव्हा शाळेने एक वेगळी खोली मोकळी करून द्यावी, असे पत्र आम्ही मुख्याध्यापकांना देणार आहोत.