सेल बदला आणि गप्प बसा

रायपूरच्या भनपुरीत कॉम्प्युटरचं काहीही बिघडलं की दोनच निदानं होतात. पहिलं, "लाइट का प्रॉब्लम है भैया." दुसरं, "सेल बदल देते हैं." रोलिंग मिल आणि भट्ट्यांच्या या पट्ट्यात व्होल्टेज खालीवर होतं हे खरंच आहे, म्हणून पहिलं निदान कुणालाही पटतं. दुसरं पटतं ते स्वस्त असतं म्हणून. मी इथल्या वजनकाट्यांवरची लिनक्सवर चालणारी मशिनं सांभाळतो, आणि प्रोसेसरचं घड्याळ डळमळलं की ही दोन्ही निदानं निव्वळ थापा असतात, हे छातीठोकपणे सांगतो.

तक्रार सहसा एकाच छापाची असते. ट्रक काट्यावर चढतो, वजन स्थिर होतं, बटण दाबलं जातं, आणि पावती यायला वेळ लागतो. मागच्या ड्रायव्हरचा हॉर्न सुरू होतो. मुनीम प्रिंटरला शिव्या घालतो. मशीन मात्र नवं असतं, बोर्डावर लाल दिवे असतात, खोक्यावर 'गेमिंग' लिहिलेलं असतं. लिनक्सच्या गाभ्याचा, म्हणजे कर्नलचा, लॉग उघडावा तर सगळं तिथे लिहिलेलं. टीएससी या घड्याळात फार मोठा फरक दिसला, ते अस्थिर ठरवलं, आता एचपीईटी या दुसऱ्या घड्याळावर काम चालू आहे. काही वेळा कर्नल याहून स्पष्ट बोलतो. हे बहुधा बिघडलेल्या बायोसमुळे झालं, असंही तो लिहून ठेवतो. गुन्हेगाराचं नाव पंचनाम्यात आहे आणि आपण विजेच्या तारेला धरून बसलोय. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

मदरबोर्डवर घड्याळ एकच नसतं, हे दुकानदाराला ठाऊक नाही असं मी मानत नाही. सेलवर चालतं ते आरटीसी. त्याचा क्वार्ट्झ सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो आणि मशीन बंद असताना तारीख-वेळ धरून ठेवणं एवढीच त्याची नोकरी. मशीन सुरू होताना लिनक्स त्याला वेळ विचारतो, मग पुढचा हिशोब स्वतः ठेवतो. तो हिशोब मुख्यतः टीएससीवर चालतो. १९९३ च्या पेंटियमपासून प्रोसेसरच्या आत असलेला हा मोजक प्रत्येक ठोक्यागणिक एकाने वाढतो. सीआर२०३२ सेलचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. व्होल्टेजचाही नाही. वीज फारच घसरली तर एसएमपीएस मशीन बंद पाडेल, पण क्वार्ट्झला हळू चालायला लावणार नाही.

मग पावती का अडते? टीएससीवरून वेळ वाचायला साधारण वीस-तीस नॅनोसेकंद लागतात आणि त्यासाठी प्रोग्रामला कर्नलच्या दारात जावंही लागत नाही. एचपीईटी प्रोसेसरच्या बाहेर बसलेला. त्याला विचारायचं तर एकेका वाचनाला मायक्रोसेकंदाच्या घरात खर्च. डेटाबेस, लॉग, नेटवर्क सतत वेळ विचारत असतात. फरक बघायचा असेल तर पोस्टग्रेस या डेटाबेसबरोबर 'पीजी टेस्ट टायमिंग' नावाचं हत्यार फुकट येतं, ते चालवा. आकडे डोळ्यांत भरतील.

जुन्या काळी ही अडचण प्रामाणिक होती. २००५ च्या सुमाराच्या ॲथलॉन ६४ एक्स२ मध्ये दोन कोरचे दोन मोजक वेगवेगळे धावत, कारण प्रोसेसरचा वेग बदलला की ठोकेही बदलत. मग इंटेल आणि एएमडी दोघांनीही वेग बदलो वा प्रोसेसर झोपो, एकाच गतीने चालणारा टीएससी दिला. २००८ च्या नेहालेमपासून तो डेस्कटॉपवर आहे. सिलिकॉनवाल्यांनी आपलं काम केलं. त्यानंतरही घड्याळ बिघडत असेल तर पहिला जाब बोर्डवाल्याने द्यायला हवा.

कारण बोर्डाचा बायोस या मोजकात हात घालतो. कधी बूट होताना सगळ्या कोरना सारखा आकडा देत नाही. कधी मशीन झोपेतून उठताना मोजकात नवाच आकडा लिहितो. कधी स्वतःच्या छुप्या कामाला गेलेला वेळ लपवण्यासाठी मोजक मागे ओढतो. हा प्रकार इतका बोकाळला की थॉमस ग्लाइक्सनर या लिनक्सच्या घड्याळ-संहितेच्या जाणकाराने नव्या इंटेल प्रोसेसरांवर बायोसने केलेली अशी ढवळाढवळ पकडून दुरुस्त करणारी संहिताच लिहिली. २०१७ च्या फेब्रुवारीत आलेल्या ४.१० कर्नलपासून ती आहे. कंपनीची घाण स्वयंसेवकांनी आणि दुसऱ्या कंपन्यांच्या पगारी माणसांनी साफ करायची, आणि कंपनीच्या हेल्पलाइनने सांगायचं की लिनक्सला आमचा सपोर्ट नाही! एका कंपनीने मला हेच ऐकवलं. घड्याळ नीट चालणं हा सपोर्टचा विषय आहे का? तो बोर्डाचा धर्म आहे.

पण सगळं पाप कंपनीच्या माथी मारून आपल्याला सुटता येणार नाही. आपले 'जाणकार' काय करतात? बूटच्या ओळीत 'टीएससी=रिलायेबल' लिहितात आणि हात झटकतात. या एका शब्दाने घड्याळ सुधारत नाही, पहारेकरी घरी जातो. कर्नल दर अर्ध्या सेकंदाला टीएससीचा हिशोब दुसऱ्या घड्याळाशी ताडून बघत असतो, ती ताडणी थांबते. वजनकाट्याची सुई चुकते म्हणून निरीक्षकालाच फाटकाबाहेर काढावं, तसला हा इलाज. लॉग स्वच्छ दिसतो, मालक खूश होतो, आणि वेळ कधीही उडी मारायला मोकळी. तीस सेकंदांत बदलणारे लॉगिनचे कोड नाकारले जायला लागले की पुन्हा "लाइट का प्रॉब्लम".

पहारेकरीही चुकतो, हे मान्य. इंटेलच्या काही कॉफी लेक मशिनांवर प्रोसेसर गाढ झोपेत गेला की एचपीईटीच भरकटायचा आणि खापर टीएससीवर फुटायचं. पण ते उघडकीला कसं आलं? लोकांनी लॉग जपले, मॉडेल नंबरासकट तक्रारी केल्या, म्हणून. २०१९ मध्ये कर्नलने अशा मशिनांवर एचपीईटीच बंद केला. सगळ्यांनी 'रिलायेबल' लिहून तोंड मिटलं असतं तर खरा दोषी आजही पहाऱ्यावर असता.

निदान करायचंच असेल तर ते अवघड नाही, फक्त थोडा वेळ मागतं. ओव्हरक्लॉक काढा, बायोस मूळ सेटिंगवर न्या, मशीन पूर्ण बंद करून सुरू करा. 'कॉन्स्टंट' आणि 'नॉनस्टॉप' ही टीएससीची दोन लक्षणं प्रोसेसरच्या माहितीत आहेत का बघा. मग टीएससी अस्थिर असल्याचा संदेश नेमका कधी येतो ते पाहा. बूट होतानाच आला तर कोरांचे आकडे जुळलेले नाहीत. झोपेतून उठल्यावर आला तर बायोसने मोजकात हात घातला आहे. नुसतं रिकामं बसल्यावर आला तर आधी एचपीईटीवर संशय घ्या. बायोस आणि कर्नल दोन्ही नवे करा, पण एकेक करून, नाहीतर गुण कशाचा ते कळणार नाही. नेटवरून वेळ जुळवणाऱ्या क्रोनी या प्रोग्रामला घड्याळाची चूक विचारा. दहा लाखांत काही दहा भागांची चूक क्वार्ट्झला शोभते, शंभर भाग म्हणजे दिवसाला ८.६४ सेकंद, आणि तिथून पुढे गप्प बसायचं कारण नाही. आणि घड्याळ बरोबर साडेपाच तास चुकत असेल तर बोर्डाला बोल लावू नका. ते विंडोज आणि लिनक्स एकाच डब्यात नांदवल्याचं फळ आहे, वेगळा आजार.

आता कायद्याकडे बघा. ज्या काट्यावर ट्रक उभा राहतो त्याला २००९ चा वैधमापन कायदा लागू आहे. ठराविक मुदतीने पडताळणी, शिक्का, शिक्का नसेल तर दंड. त्याच पावतीवर वेळ छापणाऱ्या घड्याळाला कुणी विचारत नाही. सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेने २८ एप्रिल २०२२ च्या आदेशात यंत्रणांची वेळ एनआयसी किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या सर्व्हरशी जुळवायला सांगितलं. केंद्राने जानेवारी २०२५ मध्ये भारतीय प्रमाणवेळ सक्तीची करणाऱ्या नियमांचा मसुदा काढला. उत्तम. देशाची वेळ ठरवणारं ८२ अंश ३० मिनिटांचं रेखावृत्त याच छत्तीसगडातून, रायपूरच्या पूर्वेकडून जातं, याचा आम्हाला अभिमानही आहे. पण दिल्लीची वेळ नेटवरून मिळते ती काही मिनिटांतून एकदा. मधल्या काळात राज्य बोर्डावरच्या बायोसचं असतं, आणि त्या बायोसला ना शिक्का, ना दंड.

म्हणून काटेवाल्यांनो, ट्रान्सपोर्टवाल्यांनो, गोदामवाल्यांनो, पुढचं मशीन घेताना दिवे आणि खोका बघू नका. दुकानातच लिनक्स लावून चालू करायला लावा, एकदा झोपवून उठवा आणि लॉग वाचा. टीएससी अस्थिर दिसला तर बोर्ड तिथेच परत करा आणि बिलामागे परत करण्याचं कारण लिहून घ्या. आधीच घेतलेला असेल तर लॉगसकट लेखी तक्रार कंपनीकडे आणि कर्नलच्या माणसांकडे, दोन्हीकडे पाठवा. कंपन्या लाजेने सुधारत नाहीत, परत आलेल्या मालाने सुधारतात.